रविवारपुरती गाडी

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो, ‘हे नक्की आहे तरी काय?’ मला राग येतो, पण मी तो गिळते. मला मोटारीसारखी चार चाकं आहेत आणि मोटरसायकलसारखं हँडल आहे. बसायचं ते दोन्हीकडे पाय टाकून. वर छप्पर नाही, बाजूला दार नाही. मला क्वाड बाइक म्हणतात. माझ्या बहिणी इथल्या डोंगरांत मेंढ्यांमागे धावतात, पण त्यांना मोठ्या रस्त्यावर फिरायची फारशी मुभा नसते. मला दिवे आहेत, आरसे आहेत, हॉर्न आहे, मागे नंबराची पाटी आहे. दोन माणसांना पाठीवर घेऊन मी राजरोस रस्त्याने जाते. आता माझा रंग उडालाय, सीटला ठिगळ आहे आणि थंडीत सुरू व्हायला मी कुरकुर करते. वय झालं की कोण करत नाही?

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायका भराभर बोल्ट आवळायच्या, आणि शेवटची एक जण टाकीवर बोटाच्या पेरांनी टकटक करून मला पुढे ढकलायची. मग मला खोक्यात घातलं. बोटीचा प्रवास मला फारसा आठवत नाही, कारण खोक्याला खिडकी नव्हती. खोकं उघडलं ते वेल्समध्ये, समुद्रकाठच्या एका शहरात, आणि उघडल्या उघडल्या पाऊस बघितला. तो अजून पडतोय.

माझा पहिला मालक लॉइड नावाचा तरुण होता. दुकानात त्याने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विक्रेत्याला विचारलं, “शनिवार-रविवारी मजा येईल ना हिच्यावर?” विक्रेता म्हणाला, “हिच्यापेक्षा छान खेळणं मिळायचं नाही.” खेळणं हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि खरं सांगते, मला तो आवडला होता. उन्हाळाभर लॉइडने मला खूप फिरवलं. येणारे जाणारे थांबून फोटो काढायचे. मग गारठा आला, मग त्याला बाळ झालं, आणि एके दिवशी त्याने मला घराच्या बाजूला लावून वर निळी ताडपत्री टाकली. तिथे मी कितीतरी हिवाळे काढले. बॅटरी मेली. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटला. लॉइड वाईट माणूस नव्हता. खेळण्याशी सगळे असंच वागतात, त्यात त्याचं काय चुकलं? पण रात्रंदिवस ताडपत्री फडफडत राहायची, आणि मला वाटायचं, आता आपलं कुणाला काही काम नाही.

मला तिथून बाहेर काढलं एम्लिन पोस्टने.

पोस्ट हे त्याचं आडनाव नाही. आमच्या डोंगरात अर्ध्या गावाचं आडनाव एकच असतं, म्हणून माणसाला कामावरून ओळखतात. एम्लिनने जन्मभर टपाल वाटलं, म्हणून तो एम्लिन पोस्ट. त्याची बायको मेन्ना वाचनालयाची मोठी गाडी घेऊन वाडीवाडीला पुस्तकं पोचवायची, म्हणून ती मेन्ना पुस्तकं. शेजारचा योर्वेर्थ मेंढ्या पाळतो, तर त्याला योर्वेर्थ मेंढ्या म्हणायला हवं. पण इथे सगळेच मेंढ्या पाळतात, म्हणून तो नुसता योर्वेर्थ.

योर्वेर्थच्याच ट्रेलरवर घालून मला आणलं. शेड स्वयंपाकघराला लागून आहे आणि मधली खिडकी सहसा उघडी असते. त्यामुळे या घरातलं बरंचसं मला आपोआप कळलं.

एम्लिन तरुणपणापासून मोटरसायकलवाला. लग्न झाल्यापासून दर रविवारी मेन्ना प्रार्थनामंदिरातून आली, दोघं जेवली, की तो गाडी काढायचा आणि ती मागे बसायची. खिंड चढून वर जायचं, ग्वेन्डाच्या हॉटेलात चहा प्यायचा, पलीकडे बाला गावच्या तळ्यापर्यंत उतरायचं आणि परत यायचं. पाऊस असला तरी जायचं. पावसाला घाबरून घरी बसलं तर वेल्समध्ये जगायचं तरी केव्हा?

पुढे एम्लिनचा डावा गुडघा गेला. डॉक्टरांनी धातूचा बसवला, तरी पायात पहिल्यासारखा जोर आला नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, मेन्नालाही नाही. एका रविवारी ग्वेन्डाच्या दारात, खडीच्या उतारावर, गाडी थांबवून त्याने डावा पाय टेकला आणि तो पाय मुडपला. गाडी आडवी झाली आणि मेन्ना तिच्याखाली गेली. तिचं मनगट मोडलं. एम्लिनला गाडी उचलता येईना. हॉटेलातली अनोळखी पोरं धावत आली आणि त्यांनी उचलली. त्याच आठवड्यात एम्लिनने मोटरसायकल विकून टाकली, आणि त्या दिवसाबद्दल घरात पुन्हा एक शब्द काढला नाही.

मी यायच्या आधीची दोन वर्षं ती दोघं रविवारी घरीच असत. मेन्ना मात्र सवयीने थर्मासमध्ये चहा भरायची. मग दोघं आपल्याच स्वयंपाकघरात बसून, किटली समोर असताना, थर्मासमधला चहा प्यायची. तो टीव्हीवर मेंढपाळ कुत्र्यांच्या शर्यती बघायचा आणि ती खिडकीतून खिंडीकडे बघायची. हे सगळं मेन्ना आपल्या मुलीला, शोनेडला, सांगत होती, तेव्हा मी ऐकलं. ऐकून मला फार वाईट वाटलं.

एम्लिनला वाटलं, चार चाकांची गाडी पडत नाही. पाय टेकावा लागत नाही. मग गुडघ्याची भीती कशाला? विचार बरोबरच होता. त्याने उंदरांचं घरटं हलक्या हाताने काढलं, कार्ब्युरेटर सुटा करून जुन्या टूथब्रशने धुतला, चाकांत हवा भरली. काम करताना तो माझ्याशी बोलायचा. “थांब गं, दुखतंय का? एवढा एक बोल्ट, मग सोडतो.” माझ्याशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं. मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले. खोटं कशाला बोलू, तिसऱ्या झटक्यात झाले, पण झाले.

मेन्ना दारात हात पुसत उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “दोघांची आहे?”

“दोघांची आहे.”

“बरं,” ती म्हणाली आणि तशीच उभी राहिली. एम्लिनने मान वर केली नाही. “आधी मी नीट शिकतो,” तो म्हणाला. “मग तुला नेतो.”

शोनेड शहरातल्या रुग्णालयात हाडांच्या विभागात नर्स आहे. तिने मला बघितलं आणि कपाळाला हात लावला. “बाबा, हे काय विकत घेतलंत? पावसात भिजायचं मोटरसायकलसारखं, जागा अडवायची मोटारीसारखी, आणि वेग पाहिला तर ट्रॅक्टरचा. तिन्हीतलं वाईट तेवढं निवडून एकत्र केलंय कुणीतरी.”

“चालवून बघ एकदा.”

“चालवून आलेली माणसं मी रोज बघते. स्ट्रेचरवर. खेळणंच हवं असेल तर गुडघ्यावर ठेवून खेळायचं काहीतरी घ्या.”

शेवटी मेन्ना मध्ये पडली. उन्हाळाभर गाडी ठेवायची, हिच्यावर रविवार चांगला जातो की नाही ते बघायचं, आणि मेंढ्यांचा बाजार भरेल तेव्हा ठरवायचं, असा तिने तोडगा काढला. नाहीच जमलं तर मला घ्यायला योर्वेर्थ तयार होताच. त्याची जुनी क्वाड ओढ्यात बसली होती.

म्हणजे मित्रांनो, मी परीक्षेला बसले होते. आणि पहिल्या दिवसापासून माझं काही धड होईना.

एम्लिन मोटरसायकलवाल्यासारखा वळायचा. तो अंग झुकवायचा आणि गाडी आपोआप वळेल म्हणून वाट बघायचा. मी कशी वळणार? मला हँडल फिरवून सांगावं लागतं. तो झुकलेला आणि मी सरळ कुंपणाकडे निघालेली, असं पहिल्या दिवशी बऱ्याचदा झालं. वेग द्यायचा तो मनगटाने नाही, अंगठ्याने. संध्याकाळी त्याचा अंगठा सुजायचा आणि तो टेबलाखाली लपवायचा.

रस्त्यावर मोटरसायकलवाल्यांची एक रीत असते. समोरून दुसरा आला की मान किंचित हलवायची, ओळख असो नसो. एम्लिनने जन्मभर ती पाळलेली. समोरून मोटरसायकल आली की त्याची मान आपोआप हलायची. समोरचा मात्र माझ्याकडे बघायचा आणि सरळ निघून जायचा. एकाही माणसाने मान हलवली नाही. उलट समोरून येणारे शेतकरी स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचे, कारण ती त्यांची रीत, आणि त्यांना मी त्यांच्यातली वाटायचे. एम्लिन हेल्मेटमध्ये पुटपुटायचा, “घ्या, आता मी मेंढपाळ झालो.”

मेंढ्यांनाही तेच वाटलं. एकदा खिंडीच्या अलीकडे तो दरी बघायला थांबला. डोंगरातल्या मेंढ्यांना क्वाडचा आवाज म्हणजे जेवणाची घंटा. बघता बघता सगळा डोंगर ओरडत खाली आला. पुढे मेंढ्या, मागे मेंढ्या, एक तर माझ्या फूटबोर्डवर पाय देऊन एम्लिनच्या खिशात तोंड घालायला लागली. त्याच वेळी त्याचे जुने मोटरसायकलवाले दोस्त वरून आले.

“काय रे पोस्ट, आज कुणाची पत्रं आणलीस यांना?” एकाने विचारलं.

सगळे हसले. एम्लिनही हसला, पण ग्वेन्डाकडे चहा न घेता परत फिरला. घरी मेन्नाने विचारलं, “कसं झालं?” तो म्हणाला, “छान.”

आणि दर रविवारी हेच. जेवण झालं की तो म्हणायचा, “अजून हात बसला नाही. पुढच्या वेळी तुला नेतो.” मेन्ना म्हणायची, “बरं.” मग मी आणि तो निघायचो, आणि आरशात मला दारात उभी असलेली मेन्ना दिसायची. आता थर्मास भरायलाही कारण उरलं नव्हतं. मित्रांनो, मला वाटलं होतं मी या दोघांचा रविवार परत आणायला आलेय. मी तर उरलासुरलाही घेऊन गेले होते. कमीत कमी आधी ती दोघं एका टेबलाशी बसून चहा तरी प्यायची.

मग तो पायाचा प्रकार झाला.

मोटरसायकलवाला थांबला की डावा पाय खाली टेकतो. विचार करून नाही, आपण पापणी लववतो तसा. त्याने टेकला नाही तर गाडी पडेल. माझ्यावर बसून पाय टेकायचा नसतो. माझं मागचं चाक पायाच्या लगेच मागे असतं, रुंद आणि खरबरीत, आणि पाय खाली गेला की ते त्याच्यावर चढतं. शेतकऱ्याच्या पोराकडून ही चूक होणार नाही. मोटार चालवणाऱ्याकडूनही नाही. ही चूक फक्त जन्मभर मोटरसायकल चालवलेला माणूसच करतो, आणि जेवढा तो त्यात तरबेज, तेवढा पाय लवकर खाली जातो.

एम्लिनचा पाय आधीही खाली जायचा, पण तो वेळेत उचलायचा. त्या रविवारी मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी येताना दुधाचा टँकर अचानक समोर आला. एम्लिनने ब्रेक दाबला आणि डावा पाय टेकला. मी अजून पुरती थांबले नव्हते. माझं चाक त्याच्या पोटरीवर चढलं. मला ते कळत होतं आणि मला थांबता येत नव्हतं. मला माझाच इतका तिटकारा कधी आला नव्हता. तो खाली ओढला गेला आणि गवतात पडला. जाड बुटाने हाड वाचवलं. तो बराच वेळ तिथे बसून राहिला, मग कसाबसा चढला आणि मला हळूहळू घरी घेऊन आला. मला एक शब्द बोलला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

घरी त्याने काही सांगितलं नाही. पण जिना चढताना तो कठड्याला लटकत होता, ते मेन्नाने बघितलं. शोनेड दुसऱ्या दिवशी आली, पोटरी बघितली, आणि खिडकीतून तिचा आवाज मला ऐकू आला. ती ओरडत नव्हती. शोनेड घाबरली की हळू बोलते.

“बाबा, धातूचा गुडघा निखळला असता तर तुम्ही पुन्हा चालू शकला नसतात. ही चूक सुधारणारी नाही. तुम्ही ठरवून करत नाही ना, मग ठरवून थांबवणार कशी?”

“सवय मोडेन.”

“पन्नास वर्षांची सवय? आणि मोडेपर्यंत किती हाडं मोडायची?”

एम्लिनने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाला, “योर्वेर्थला सांग. रविवारी घेऊन जा म्हणावं.”

मला योर्वेर्थकडे जायचं दुःख नव्हतं. तिथे काम मिळालं असतं, आणि कामाला मी कधी भ्याले नाही. दुःख याचं होतं की मी या घरात हरून जाणार होते, आणि ती दोघं पुन्हा टीव्हीसमोर बसणार होती. या वेळी कदाचित कायमची.

तो रविवार आला. मेन्ना प्रार्थनेहून आली. जेवणं झाली. योर्वेर्थ चहाच्या वेळेला यायचा होता. एम्लिन शेडमध्ये येऊन माझी सीट पुसत होता, जशी एखादीला सासरी पाठवताना वेणी घालतात. तेवढ्यात मेन्ना आत आली. अंगात तिचा जुना चामडी कोट, हातात हेल्मेट. तो कोट मी कधी पाहिला नव्हता.

“चल,” ती म्हणाली. “जायच्या आधी एकदा मला फिरव.”

“नको, मेन्ना.”

“का नको?”

“पाय बघितलास ना माझा.”

“पाय बघितला. मी पायाबद्दल विचारत नाहीये. एवढे रविवार झाले, एकदाही म्हणाला नाहीस, मेन्ना बस.”

एम्लिन फडकं पिळत राहिला. ते कोरडं होतं. “तुझं मनगट माझ्यामुळे मोडलं,” तो शेवटी म्हणाला. “तू खाली पडली होतीस आणि मला गाडी उचलता येत नव्हती. परक्या पोरांनी उचलली. मी नुसता उभा होतो. पुन्हा तुला मागे बसवायची माझी छाती होत नाही.”

मेन्नाने हेल्मेट खाली ठेवलं. मग माझ्या सीटवर टेकली. “मनगट सहा आठवड्यांत जुळलं,” ती म्हणाली. “त्याचं मला काही नाही रे. गुडघ्यात जोर नाही हे तुला ठाऊक होतं आणि तू मला बोलला नाहीस, त्याचं वाईट वाटतं. आणि मग मला जपतोयस म्हणून दोन वर्षं घरात एकटी ठेवलीस. शेजारच्या खुर्चीत बसून एकटी ठेवलीस. ते पडण्यापेक्षा जास्त लागलं.”

एम्लिनने फडकं खाली ठेवलं. त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते पुसले नाहीत. “चुकलो,” तो म्हणाला. “बस.”

आणि मेन्ना मागे बसली. माझ्या पाठीवर पहिल्यांदा त्या दोघांचं वजन आलं. कुठल्या फोटोने मला एवढा आनंद दिला नव्हता.

आम्ही गल्लीतून निघालो. पहिल्या तिठ्यावर एम्लिनने ब्रेक दाबला आणि त्याची डावी मांडी सैल झाली. पाय सुटायच्या आधीच मेन्नाने मागून गुडघ्याने ती दाबली. पाय जागेवर राहिला. “तुझा पाय केव्हा जाणार ते तुझ्याआधी मला कळतं,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “इतकी वर्षं मागे बसून दुसरं काय केलं?” दुसऱ्या तिठ्यावरही तिने दाबला. तिसरा तिठा प्रार्थनामंदिराशी होता. तिथे एक कुत्रं आडवं आलं, मेन्नाने कुत्र्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात पाय खाली गेला. सुदैवाने मी थांबलेच होते. बुटाची टाच चाकाला घासली, एवढंच.

एम्लिन म्हणाला, “शोनेड बरोबर बोलते. हे मोडायचं नाही.”

“नाही मोडायचं,” मेन्ना म्हणाली. ती खाली उतरली, पुढे आली आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. “ऊठ.”

“काय?”

“ऊठ म्हटलं. मी कधी मोटरसायकल चालवली नाही. माझा पाय कशाला खाली जाईल?”

एम्लिन तिच्याकडे बघतच राहिला. मीही बघत राहिले असते, पण माझे दिवे समोर असतात. इतकी साधी गोष्ट या घरात कुणाला सुचली नव्हती, मलासुद्धा नाही. मला चालवायला मोटारीचा परवाना पुरतो, आणि मेन्नाकडे तो होता. पुस्तकांनी भरलेली ती अगडबंब गाडी तिने याच डोंगरांतून, याच बोळांतून, बर्फातसुद्धा नेली होती.

ती एकटीच बसली आणि प्रार्थनामंदिराच्या रिकाम्या अंगणात मला घेऊन फिरू लागली. एम्लिन मध्ये उभा राहून हातवारे करत होता. “झुक, वळताना झुक जरा.”

“तू झुकलास आणि काय झालं ते बघितलं,” मेन्ना म्हणाली आणि वळली. ती पुस्तकांची गाडी वळवायची तशी वळली. आधी हळू, मग वळणाकडे नजर, मग हँडल. अंगठा हलका. थांबताना तिचे दोन्ही पाय फूटबोर्डवर मुक्कामाला आल्यासारखे होते. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतकं नीट कुणी समजून घेतलं नव्हतं. मी तैवानमध्ये अशाच माणसासाठी बनले होते बहुतेक.

ती एम्लिनसमोर येऊन थांबली. “ये, बस.”

एम्लिन जागचा हलेना. समोरच्या घरातले पडदे हलले होते. “गावभर होईल,” तो म्हणाला. “एम्लिन पोस्ट बायकोच्या मागे बसला म्हणून.”

“होऊ दे. गावाला तरी रविवारी दुसरं काय काम आहे?” मग ती मऊ आवाजात म्हणाली, “तुला आवडणार नाही, ठाऊक आहे मला. मला तरी कुठे पुढे बसायची हौस होती? पण मला तुझ्याबरोबर जायचंय, एम्लिन. कोण पुढे बसतं त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही.”

एम्लिनने हेल्मेटचा पट्टा आवळला. सोडला. पुन्हा आवळला. मग दुखरा पाय हाताने उचलून पलीकडे टाकला आणि मागे बसला. ताठ, अवघडलेला. जन्मभर पुढे बसलेल्या माणसाचे हात हवेत लोंबकळत होते.

“हात कुठे ठेवू?” त्याने विचारलं.

“मी ठेवत होते तिथे,” मेन्ना म्हणाली.

त्याने हळूच तिच्या कमरेला हात घातले. आम्ही निघालो. खिंडीत वारा होता आणि पाऊस भुरभुरत होता. चढावर मी धापा टाकत होते, पण कुणाला घाई नव्हती. ग्वेन्डाने दारात येऊन बघितलं, काही विचारलं नाही, दोन कप आणि लोणी लावलेली मनुकांची पावरोटी आणून ठेवली. परतीच्या वाटेवर कितीतरी तिठे लागले. प्रत्येक ठिकाणी मागच्या फूटबोर्डवर एम्लिनचा डावा पाय चुळबुळायचा, आणि मेन्ना हँडलवरचा एक हात मागे नेऊन त्याच्या गुडघ्यावर ठेवायची. रस्ता मोकळा होईपर्यंत ठेवायची.

इकडे योर्वेर्थ ट्रेलर घेऊन आला, दार वाजवून दमला आणि अंगणात बसून राहिला. आम्ही आलो तेव्हा त्याने पुढे कोण आणि मागे कोण ते नीट बघून घेतलं.

“म्हणजे मी रिकामाच जाऊ?” त्याने विचारलं.

“चहा घेऊन जा,” मेन्ना म्हणाली.

शोनेडला फोनवर पटायला वेळ लागला. ऑक्टोबरच्या शेवटी, हॅलोवीनच्या सुट्टीत ती आली, आईच्या मागे बसून गावाला एक फेरी मारली आणि उतरल्यावर म्हणाली, “आई, हेल्मेट कधी काढायचं नाही. आणि बर्फ असेल तर जायचं नाही.” एवढंच म्हणाली. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

त्यालाही आता बराच काळ लोटला. माझ्यासारखी गाडी रविवारपुरती घ्यावी की घेऊ नये, असं कुणी विचारलं तर मी स्वतःची जाहिरात करणार नाही. माझ्यावर बसून तुम्ही भिजाल, गारठाल, कुणी मान हलवणार नाही, मेंढ्या खिसे तपासतील. वेग हवा असेल तर दुसरीकडे बघा. पण मित्रांनो, माझ्या टायरमधली हवा बघत जा, साखळीला तेल देत जा, कारण आम्हांला दुखतं ते सांगता येत नाही. तुम्हांला येतं. तेव्हा कुठे जोर कमी पडत असेल तर पडायच्या आधी सांगा. आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला जपायचं म्हणून घरी ठेवून जाऊ नका. तो दारात उभा राहून ‘बरं’ म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नका. त्याला बरोबर न्या, आणि नेता येत नसेल तर त्याच्या मागे बसा.